खगोल छायाचित्रणातील ऑटोगायडिंग

ऑटोगायडिंग किंवा स्वयंचलित मार्गदर्शन ही खगोल छायाचित्रणात दुर्बिणीचा माउंट ताऱ्यांच्या दैनिक गतीबरोबर अचूकपणे फिरत राहावा यासाठी वापरली जाणारी पद्धत आहे. मुख्य कॅमेरा छायाचित्र घेत असताना दुसरा छोटा कॅमेरा त्याच भागातील एखाद्या ताऱ्यावर लक्ष ठेवतो. तो तारा जागेवरून सरकल्यास संगणक माउंटच्या मोटरांना सूक्ष्म दुरुस्तीचे आदेश देतो. त्यामुळे कित्येक मिनिटांच्या छायाचित्रातही तारे रेषेसारखे न ओढले जाता बिंदूसारखे उमटतात.

नवशिक्या छायाचित्रकाराला ऑटोगायडिंग आवश्यक आहे का, हा हौशी खगोलप्रेमींमध्ये वारंवार चर्चिला जाणारा प्रश्न आहे. त्याचे उत्तर छायाचित्रकाराच्या अनुभवापेक्षा चार गोष्टींवर अधिक अवलंबून असते: भिंगाचे किंवा दुर्बिणीचे नाभीय अंतर, कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार, माउंटची यांत्रिक अचूकता आणि एका छायाचित्राचा प्रकाशग्रहण काळ, म्हणजेच एक्सपोजर. सर्वसाधारणपणे २०० मिलिमीटरपर्यंतच्या नाभीय अंतरास ऑटोगायडिंगशिवाय काम भागते. २०० ते ५०० मिलिमीटरच्या टप्प्यात ते उपयुक्त असले तरी लहान एक्सपोजर वापरून टाळता येते. त्यापुढे मात्र सामान्य माउंटवर ते जवळजवळ अपरिहार्य ठरते.

## पार्श्वभूमी

पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा आकाशात दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकताना दिसतो. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात. पूर्ण चंद्रबिंबाचा व्यास सुमारे अर्धा अंश, म्हणजे १,८०० विकला असतो. म्हणजेच तारे दर दोन मिनिटांत एका चंद्रबिंबाइतके सरकतात.

तेजोमेघ आणि दीर्घिका अतिशय मंद असल्याने त्यांचा प्रकाश दीर्घकाळ साठवावा लागतो. त्यासाठी दुर्बीण विषुववृत्तीय माउंटवर बसवतात. या माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवला जातो आणि मोटर त्याला पृथ्वीच्या विरुद्ध दिशेने त्याच वेगाने फिरवते. या क्रियेला अनुसरण किंवा ट्रॅकिंग म्हणतात. ट्रॅकिंग आणि ऑटोगायडिंग या भिन्न गोष्टी आहेत. ट्रॅकिंगमध्ये माउंट ठरलेल्या वेगाने आंधळेपणाने फिरत राहतो. ऑटोगायडिंगमध्ये तो प्रत्यक्ष ताऱ्याच्या स्थानानुसार आपली चूक सुधारत राहतो. नवशिक्यांच्या बाबतीत ट्रॅकिंगची गरज निर्विवाद आहे. वाद फक्त ऑटोगायडिंगबाबत आहे.

एखादी चूक छायाचित्रात दिसेल की नाही हे प्रतिमा-प्रमाणावरून ठरते. प्रतिमा-प्रमाण म्हणजे एका पिक्सेलवर आकाशाचा किती विकला भाग पडतो याचे माप. पिक्सेलचा मायक्रोमीटरमधील आकार २०६.२६५ ने गुणून मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागल्यास ते मिळते. ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा ५० मिलिमीटरच्या भिंगाला जोडल्यास प्रतिमा-प्रमाण १५.५ विकला येते, तर तोच कॅमेरा १,००० मिलिमीटरच्या दुर्बिणीला जोडल्यास ते ०.७८ विकला इतके सूक्ष्म होते. पहिल्या जोडणीत दहा विकलांची चूक एका पिक्सेलमध्ये लपून जाते. दुसरीत ती सुमारे तेरा पिक्सेल लांबीची रेघ होते.

## इतिहास

घड्याळी यंत्रणेवर फिरणारा विषुववृत्तीय माउंट योसेफ फॉन फ्राउनहोफर यांनी डॉर्पाट (सध्याचे तार्तू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी बनवलेल्या दुर्बिणीमुळे १८२० च्या दशकात प्रसिद्धीस आला. छायाचित्रणाची कला आल्यावर या यंत्रणेच्या मर्यादा उघड झाल्या. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना सुमारे ५१ मिनिटांचे एक्सपोजर द्यावे लागले. अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी जानेवारी १८८३ मध्ये त्याच तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे छायाचित्र घेतले. डोळ्यांना दुर्बिणीतून न दिसणारे तारेही त्यात उमटले होते.

एवढा वेळ घड्याळी यंत्रणेवर विसंबून राहणे शक्य नसल्याने निरीक्षक स्वतःच मार्गदर्शन करीत. मुख्य दुर्बिणीला जोडलेल्या दुसऱ्या दुर्बिणीच्या नेत्रिकेत दोन तारांची फुली बसवलेली असे. निवडलेला तारा त्या फुलीवरून ढळला की हाताने माउंट किंचित पुढेमागे करून तो पुन्हा जागेवर आणला जाई. लिक वेधशाळेत एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी १८८९ पासून घेतलेली आकाशगंगेची विस्तृत छायाचित्रे अशाच तासन्‌तासांच्या हस्तमार्गदर्शनातून तयार झाली. विसाव्या शतकात मोठ्या वेधशाळांमध्ये हे काम प्रकाशविद्युत उपकरणांकडे गेले. हौशी छायाचित्रकार मात्र १९८० च्या दशकापर्यंत प्रकाशित फुलीच्या नेत्रिकेला डोळा लावूनच काम करीत होते.

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये शोधलेल्या सीसीडी संवेदकामुळे ही स्थिती बदलली. अमेरिकेतील सांता बार्बरा इन्स्ट्रुमेंट ग्रुप या कंपनीचा एसटी-४ हा छोटा सीसीडी कॅमेरा हौशी वर्गात लोकप्रिय झालेल्या सुरुवातीच्या ऑटोगायडरांपैकी एक होता. माउंटला आदेश देण्याची त्याची साधी विद्युत जोडणी पुढे सर्वमान्य झाली आणि अनेक माउंटवर ती आजही ‘एसटी-४ पोर्ट’ याच नावाने आढळते. त्यानंतर स्वस्त कॅमेरे आणि पीएचडी२ सारखी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध झाल्याने ऑटोगायडिंग सामान्य हौशी व्यक्तीच्या आवाक्यात आले.

नवशिक्याने प्रथम ऑटोगायडिंग घ्यावे, या रूढ सल्ल्याची मुळे या इतिहासात आहेत. फिल्मची संवेदनक्षमता मंद प्रकाशात आणखी घटत असे, त्यामुळे अर्ध्या ते एका तासाचे एकसंध एक्सपोजर देण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुरुवातीच्या सीसीडी कॅमेऱ्यांनाही अनेक मिनिटांचे एक्सपोजर लागत असे. आजच्या सीमॉस संवेदकांनी ही अट बरीच सैल केली आहे.

## माउंटमधील त्रुटी

### आवर्ती त्रुटी

बहुतेक विषुववृत्तीय माउंटमध्ये मोटरची गती वर्म गिअरमार्फत मुख्य दंतचक्राला मिळते. वर्म म्हणजे मळसूत्रासारखे आटे असलेला दांडा. हा दांडा किंचितही विषम असल्यास त्याच्या प्रत्येक फेरीत माउंट थोडा पुढे आणि थोडा मागे जातो. हीच चूक दर फेरीला पुन्हा येत असल्याने तिला आवर्ती त्रुटी म्हणतात. मुख्य चक्राला १८० दाते असल्यास वर्मची एक फेरी सुमारे ४७९ सेकंदांत, म्हणजे साधारण आठ मिनिटांत पूर्ण होते.

अलीकडे लोकप्रिय झालेल्या स्ट्रेन वेव्ह किंवा हार्मोनिक गिअरच्या माउंटना प्रतिवजनाची गरज सहसा पडत नाही आणि ते वजनाने हलके असतात. मात्र त्यांची आवर्ती त्रुटी बहुधा अधिक असते आणि ती वेगाने बदलते. हे माउंट ऑटोगायडिंग गृहीत धरूनच बनवलेले असतात. असा माउंट घेणाऱ्या नवशिक्याने दुर्बीण वापरायचे ठरवल्यास ऑटोगायडिंगचा खर्च सुरुवातीपासूनच धरावा लागतो.

### ध्रुवीय जुळणीतील चूक

माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखलेला नसल्यास तारे हळूहळू एका दिशेने वाहत जातात. जुळणीत एका कलेची चूक असल्यास तारा दर मिनिटाला जास्तीत जास्त ०.२६ विकला सरकतो. दहा कलांच्या चुकीने हा वेग मिनिटाला सुमारे २.६ विकला होतो. अर्ध्या मिनिटाच्या एक्सपोजरमध्ये ही चूक बहुधा जाणवत नाही, पण तासाभरात संपूर्ण दृश्य दीडशेहून अधिक विकला सरकलेले असते.

### इतर कारणे

वारा, दुर्बिणीचा असमतोल, दात्यांमधील मोकळीक, लोंबणाऱ्या केबलचा ताण आणि जमिनीची कंपने यांमुळेही तारे विकृत होतात. क्षितिजाजवळ वातावरणातील अपवर्तनामुळे ताऱ्यांचा दृश्य वेग किंचित बदलतो. वातावरणातील खळबळीमुळे ताऱ्याचे बिंब थरथरते व पसरते. समुद्रसपाटीजवळच्या सामान्य ठिकाणी हा पसारा बहुधा २ ते ४ विकलांचा असतो. त्याहून सूक्ष्म अचूकतेचा फारसा लाभ अशा ठिकाणी मिळत नाही.

## कार्यपद्धती

ऑटोगायडिंगसाठी पुढील घटक लागतात:

* मार्गदर्शक दुर्बीण – मुख्य दुर्बिणीवर घट्ट बसवलेली, साधारण ३० ते ६० मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण. तिच्याऐवजी ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर वापरता येतो. त्यातील छोटा लोलक मुख्य दुर्बिणीतूनच कडेचा थोडा प्रकाश मार्गदर्शक कॅमेऱ्याकडे वळवतो.
* मार्गदर्शक कॅमेरा – बहुधा कृष्णधवल, संवेदनशील आणि लहान संवेदकाचा.
* संगणक व सॉफ्टवेअर – लॅपटॉप, छोटा संगणक किंवा स्वतंत्र नियंत्रक.
* आदेश स्वीकारणारा माउंट – एसटी-४ पोर्ट किंवा आस्कॉमसारख्या मानकातून आदेश घेणारा.

प्रथम सॉफ्टवेअर माउंटला चारही दिशांना थोडेथोडे हलवून कॅमेऱ्याची दिशा व माउंटचा प्रतिसाद मोजते. या टप्प्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते खगोलीय विषुववृत्ताजवळ केल्यास अधिक विश्वसनीय ठरते. त्यानंतर दर एक ते चार सेकंदांनी ताऱ्याचे छायाचित्र घेऊन त्याचा मध्यबिंदू काढला जातो आणि विचलनाच्या प्रमाणात दुरुस्ती पाठवली जाते. मध्यबिंदू पिक्सेलच्या अंशापर्यंत काढता येत असल्याने छोटी मार्गदर्शक दुर्बीणही पुरेशी ठरते. १२० मिलिमीटर नाभीय अंतर आणि ३.७५ मायक्रोमीटर पिक्सेल असलेल्या जोडणीचे प्रतिमा-प्रमाण सुमारे ६.४ विकला असते. पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत मापन झाल्यास अचूकता ०.६ विकलांपर्यंत जाते.

दुरुस्ती फार घाईने केल्यास माउंट प्रत्यक्ष चुकीऐवजी वातावरणाच्या थरथरीचा पाठलाग करू लागतो आणि चित्र सुधारण्याऐवजी बिघडते. म्हणून मार्गदर्शक कॅमेऱ्याचे एक्सपोजर फार लहान ठेवले जात नाही आणि प्रत्येक विचलनाचा काही भागच दुरुस्त केला जातो. मार्गदर्शनाचा दर्जा सरासरी विचलनाच्या आरएमएस मूल्याने विकलांमध्ये मांडतात. हे मूल्य मुख्य कॅमेऱ्याच्या प्रतिमा-प्रमाणापेक्षा कमी असल्यास तारे सहसा गोल दिसतात.

## नवशिक्यांसाठी आवश्यकता

### नाभीय अंतराचा परिणाम

पुढील तक्त्यात ३.७६ मायक्रोमीटर पिक्सेलचा कॅमेरा, १८० दात्यांचा माउंट आणि टोकापासून टोकापर्यंत ३० विकलांची नियमित आवर्ती त्रुटी गृहीत धरली आहे. ऑटोगायडिंग नसताना एका छायाचित्रात तारा जास्तीत जास्त किती पिक्सेल ओढला जाईल, हे त्यात दिले आहे.

| नाभीय अंतर (मिमी) | प्रतिमा-प्रमाण (विकला प्रतिपिक्सेल) | ३० सेकंदांत (पिक्सेल) | ६० सेकंदांत (पिक्सेल) |
|---|---|---|---|
| ५० | १५.५ | ०.४ | ०.७ |
| १३५ | ५.७ | १.० | २.० |
| २०० | ३.९ | १.५ | ३.० |
| ४०० | १.९ | ३.० | ५.९ |
| ८०० | ०.९७ | ६.१ | ११.९ |
| १,००० | ०.७८ | ७.६ | १४.८ |

हे आकडे वर्मच्या फेरीतील सर्वांत वाईट क्षणांचे आहेत. फेरीच्या दोन टोकांजवळ त्रुटीची दिशा बदलत असते आणि तेथे माउंट जवळजवळ योग्य वेगाने चालतो. त्यामुळे एकाच रात्री घेतलेल्या सुट्या छायाचित्रांपैकी काही स्वच्छ तर काही ओढलेली निघतात. वरील गृहीतकांनुसार ४०० मिलिमीटरवर ३० सेकंदांच्या छायाचित्रांपैकी साधारण एक तृतीयांश छायाचित्रांतच ताण दीड पिक्सेलच्या आत राहतो. एक्सपोजर १५ सेकंदांवर आणल्यास मात्र सर्वच छायाचित्रे या मर्यादेत येतात. प्रत्यक्ष माउंटची त्रुटी इतकी नियमित नसल्याने हे गणित अंदाजापुरतेच घ्यावे लागते. तरीही एक्सपोजर निम्मे करणे हा ऑटोगायडिंगला पर्याय ठरू शकतो, हे त्यातून स्पष्ट होते.

### एक्सपोजर किती मोठे असावे

आधुनिक पद्धतीत एक दीर्घ छायाचित्र घेण्याऐवजी अनेक लहान छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांचे एकत्रीकरण केले जाते. याला स्टॅकिंग म्हणतात. एकूण काळ सारखा असल्यास १५ सेकंदांची २४० छायाचित्रे आणि पाच मिनिटांची १२ छायाचित्रे यांत साठलेला प्रकाश सारखाच असतो. फरक असतो तो प्रत्येक छायाचित्र वाचताना कॅमेऱ्याकडून मिसळणाऱ्या गोंगाटाचा. त्याला वाचन-गोंगाट म्हणतात. छायाचित्रांची संख्या वाढली की हा गोंगाटही अधिक वेळा मिसळतो.

आकाशाच्या पार्श्वप्रकाशामुळे होणारा गोंगाट वाचन-गोंगाटापेक्षा बराच मोठा झाला की एक्सपोजर आणखी वाढवण्याचा लाभ नगण्य होतो. त्यासाठी लागणारा काळ वाचन-गोंगाटाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जुन्या सीसीडी कॅमेऱ्याचा वाचन-गोंगाट ८ इलेक्ट्रॉन आणि आधुनिक सीमॉस कॅमेऱ्याचा १.५ इलेक्ट्रॉन धरल्यास त्याच आकाशाखाली पहिल्याला दुसऱ्याच्या सुमारे २८ पट दीर्घ एक्सपोजर लागते. म्हणजे जेथे पूर्वी दहा मिनिटे लागत, तेथे आता वीस-बावीस सेकंद पुरतात. शहरातील उजळ आकाशात ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. याउलट अतिशय काळोख्या जागी किंवा हायड्रोजनसारख्या एकाच मूलद्रव्याचा प्रकाश जाऊ देणाऱ्या अरुंदपट्टा गाळण्या वापरताना पार्श्वप्रकाश फार कमी असतो. तेथे अनेक मिनिटांचे एक्सपोजर आणि पर्यायाने ऑटोगायडिंग यांची गरज कायम राहते.

### उदाहरण: मृगातील तेजोमेघ

मृग नक्षत्रातील तेजोमेघ तेजस्वी असल्याने बहुतेक नवशिके त्यापासूनच सुरुवात करतात. तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे साडेपाच अंश दक्षिणेस असल्याने तेथील तारे जवळजवळ कमाल वेगाने सरकतात. साध्या तिपाईवरील ५० मिलिमीटरच्या भिंगात ते दर सेकंदाला सुमारे एक पिक्सेल ओढले जातात. छोट्या ट्रॅकरवर १३५ मिलिमीटरचे भिंग लावल्यास अर्ध्या मिनिटाचे छायाचित्र ऑटोगायडिंगशिवाय स्वच्छ येते. ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १० ते १५ सेकंदांची दोनशे-तीनशे छायाचित्रे घेऊनही तेजोमेघाचे पंख स्पष्ट करता येतात. याच्या मध्यभागातील समलंब तारकासमूह इतका तेजस्वी आहे की दीर्घ एक्सपोजरमध्ये तो पूर्ण पांढरा पडतो. त्यामुळे ऑटोगायडिंग असणारे छायाचित्रकारही या भागासाठी लहान एक्सपोजर मुद्दाम घेतात.

नाभीय अंतर १,००० मिलिमीटर असल्यास मात्र चित्र पालटते. तेथे १५ सेकंदांतही तारा जवळजवळ चार पिक्सेल सरकू शकतो आणि निम्म्याहून अधिक छायाचित्रे टाकून द्यावी लागण्याची शक्यता असते.

### बाजूने मांडले जाणारे मुद्दे

ऑटोगायडिंगचा आग्रह धरणारे छायाचित्रकार पुढील मुद्दे मांडतात. टाकाऊ छायाचित्रांचे प्रमाण घटल्याने मोजक्या निरभ्र रात्रींचा पूर्ण उपयोग होतो. कमी फाइली साठवाव्या व प्रक्रिया कराव्या लागतात. तसेच मार्गदर्शक सॉफ्टवेअरमुळे डिदरिंग सुलभ होते. डिदरिंग म्हणजे दोन छायाचित्रांच्या मध्ये दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे हलवणे. ते न केल्यास ध्रुवीय जुळणीतील चुकीमुळे दृश्य एकाच दिशेने हळूहळू सरकत राहते आणि संवेदकावरील दोष एकत्रीकरणानंतर तिरप्या रेघोट्यांसारखे दिसतात. मार्गदर्शनाचा आलेख माउंटमधील यांत्रिक बिघाड ओळखण्यासही मदत करतो.

### विरुद्ध मांडले जाणारे मुद्दे

नवशिक्याला एकाच वेळी ध्रुवीय जुळणी, तोल साधणे, फोकस, वस्तू शोधणे, कॅमेऱ्याची मांडणी आणि नंतरची संगणकीय प्रक्रिया शिकावी लागते. त्यात दुसरी दुर्बीण, दुसरा कॅमेरा आणि आणखी एक सॉफ्टवेअर आल्यास चूक नेमकी कोठे होत आहे हे कळेनासे होते. अंधारात केबल व सॉफ्टवेअरच्या अडचणी सोडवण्यातच रात्र संपल्याने छंद सोडून देणाऱ्यांची उदाहरणे हौशी वर्तुळात नेहमी सांगितली जातात. त्यामुळे उपलब्ध रक्कम आधी भक्कम माउंटवर खर्च करावी, सुरुवात कमी नाभीय अंतरापासून करावी आणि ऑटोगायडिंग पुढील टप्प्यात घ्यावे, असे या पक्षाचे म्हणणे असते. स्मार्ट दुर्बिणींचे उदाहरणही दिले जाते. सुमारे २५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या या छोट्या यंत्रांत वेगळी मार्गदर्शक दुर्बीण नसते; १० ते ३० सेकंदांची शेकडो छायाचित्रे एकत्र करूनच त्या चित्र तयार करतात.

दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आढळते: जे माउंट पुढे वापरायचे आहेत, त्यांत ऑटोगायडिंगची जोडणी असणे इष्ट आहे. केवळ एकाच अक्षाला मोटर असलेल्या छोट्या ट्रॅकरवर मात्र विषुवांशाच्या दिशेनेच दुरुस्ती होऊ शकते. क्रांतीच्या दिशेतील सरक ध्रुवीय जुळणी सुधारूनच कमी करावी लागते.

## मर्यादा

ऑटोगायडिंग ही माउंटच्या सर्व दोषांवरची दुरुस्ती नव्हे. पुढील अडचणी तिने सुटत नाहीत:

* क्षेत्रभ्रमण – ध्रुवीय जुळणी फार चुकलेली असल्यास मार्गदर्शक तारा जागेवर राहतो, पण उरलेले दृश्य त्याभोवती फिरते. ध्रुवाजवळच्या वस्तू टिपताना हा दोष अधिक जाणवतो. उन्नतांश-दिगंश माउंटवर तर तो अटळच असतो.
* भिन्न लवचीकता – मार्गदर्शक दुर्बीण व मुख्य दुर्बीण वेगवेगळ्या प्रमाणात वाकल्यास आलेख उत्तम दिसूनही तारे लांबट येतात. मुख्य आरसा सरकणाऱ्या दुर्बिणींत हे विशेष आढळते. अशा वेळी ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर उपयोगी पडतो.
* अकस्मात धक्के – वाऱ्याचा झोत किंवा केबलचा हिसका दुरुस्तीच्या आधीच चित्रात उमटलेला असतो.
* अस्थिर पाया – डळमळणारी तिपाई किंवा माउंटच्या क्षमतेबाहेरचे वजन यांवर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.
* फोकस व भिंगातील दोष – कडेचे तारे विकृत आणि मधले गोल असल्यास दोष बहुधा प्रकाशीय मांडणीत असतो, ट्रॅकिंगमध्ये नव्हे.

तारे ओढलेले दिसल्यास प्रथम कारण ओळखणे आवश्यक असते. एकाच दिशेने सर्व छायाचित्रांत सारखा ताण असल्यास ध्रुवीय जुळणीचा, दर काही मिनिटांनी येऊन जाणारा ताण असल्यास आवर्ती त्रुटीचा, आणि मध्येच एखाद्या छायाचित्रात दुहेरी तारे दिसल्यास धक्क्याचा संशय घेतला जातो.

## पर्याय

* लहान एक्सपोजर व निवड – अनेक छायाचित्रे घेऊन ओढलेली वगळणे.
* कमी नाभीय अंतर – साध्या कॅमेरा भिंगांनी आकाशगंगा, देवयानी दीर्घिका किंवा मृग नक्षत्राचा विस्तृत भाग टिपणे.
* आवर्ती त्रुटी निवारण – माउंटच्या वर्मची त्रुटी एकदा नोंदवून दर फेरीला तिची उलट दुरुस्ती देणे. ही सोय अनेक माउंटमध्ये असते.
* एन्कोडरयुक्त माउंट – अक्षाचे स्थान सतत अचूक मोजणारे माउंट ऑटोगायडिंगशिवाय कित्येक मिनिटांचे एक्सपोजर देऊ शकतात. मात्र ते महाग असल्याने नवशिक्यांसाठी क्वचितच व्यवहार्य असतात.

## महाराष्ट्र व गोव्यातील परिस्थिती

खगोलीय ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. ती मुंबईत सुमारे १९ अंश, पुण्यात १८.५ अंश, नागपुरात २१ अंश आणि पणजीत १५.५ अंश आहे. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत ध्रुव तारा येथे फार खाली असल्याने तो इमारती, डोंगर किंवा क्षितिजावरील धुरकट थरामागे सहज झाकला जातो. शिवाय इतक्या कमी उंचीवर अपवर्तनामुळे ध्रुवाचे दृश्य स्थान सुमारे तीन कला वर उचललेले असते. त्यामुळे ध्रुवदर्शकातून केलेली जुळणी येथे अनेकदा अपुरी पडते. दोन तारे निवडून त्यांची सरक मोजणारी ड्रिफ्ट पद्धत किंवा छायाचित्रातील ताऱ्यांवरून दुर्बिणीची नेमकी दिशा काढणारी सॉफ्टवेअर अशा वेळी वापरली जातात. मार्गदर्शक कॅमेरा या दोन्हींसाठी उपयोगी पडत असल्याने ऑटोगायडिंग न करणारे काही जणही तो बाळगतात.

जून ते सप्टेंबर हे महिने पावसाळी ढगांमुळे या छंदासाठी बहुतांशी वाया जातात. उरलेल्या काळातही चांदण्या रात्री आणि शहरी प्रकाश वगळता अनुकूल रात्री मोजक्याच उरतात. शहरातून छायाचित्रण करणाऱ्यास उजळ आकाशामुळे लहान एक्सपोजर पुरतात, त्यामुळे सुरुवातीस ऑटोगायडिंगचा अभाव फारसा जाणवत नाही. मात्र एखाद्या काळोख्या जागी मुद्दाम प्रवास करून जाणाऱ्यास तेथील थोडा वेळ छायाचित्रे टाकून देण्यात घालवणे परवडत नाही. याच टप्प्यावर बहुतेक हौशी छायाचित्रकार ऑटोगायडिंगकडे वळतात. अशा वेळी संपूर्ण जोडणी आधी घराच्या गच्चीवर चालवून पाहणे हितावह समजले जाते.

## हेही पहा

* खगोल छायाचित्रण
* विषुववृत्तीय माउंट
* खगोलीय ध्रुव
* ध्रुव तारा
* मृग नक्षत्र
* प्रकाश प्रदूषण